परमुलखातली फौज आणि आपली संसद

भारताच्या भूमीचा एखादा तुकडा दुसऱ्या देशाला द्यायचा असेल, तर सरकारला आधी घटनादुरुस्ती करावी लागते. बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली हे स्पष्ट सांगितले. बांगलादेशाशी सीमेवरच्या वस्त्यांची अदलाबदल करायची ठरली तेव्हाही, २०१५ मध्ये, शंभरावी घटनादुरुस्ती झाली आणि मगच ती जमीन हातची गेली. पण याच देशाचे हजारो जवान परक्या भूमीवर लढायला पाठवायचे असतील, तर एकाही खासदाराचे मत घेण्याचे बंधन सरकारवर नाही. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगोलग भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरू लागली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे बाराशे जवान कामी आले होते. त्यांना तिकडे धाडावे की नाही, हा प्रश्न लोकसभेत मताला टाकला गेला नव्हता.

जमिनीसाठी संसदेची संमती लागते, जवानासाठी लागत नाही. ही विसंगती ज्यांना खुपली, त्यांनी हा लेखसंग्रह सिद्ध केला आहे.

संग्रहाची जुळवाजुळव मुंबईच्या मानखुर्द उपनगरातल्या एका वाचनवर्गात झाली. पाण्याची वेळ, देवनारच्या कचऱ्याचा धूर आणि पुनर्वसनाच्या इमारतींतल्या बंद लिफ्ट हे जिथले रोजचे प्रश्न, तिथली माणसे परदेशातल्या युद्धांवर बोलायला बसतात याचे मला नवल वाटत नाही. आखातात कामाला गेलेली माणसे इथल्या गल्ल्यांतली आहेत. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळल्यावर पावणेदोन लाखांच्या घरात भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. अम्मानहून उडालेली ती विमाने मुंबईतच उतरत होती. पुढे काही महिन्यांतच, जानेवारी १९९१ मध्ये, त्याच मुंबईच्या विमानतळावर आखाती युद्धासाठी निघालेली अमेरिकी लष्करी विमाने इंधन भरून घेऊ लागली. चंद्रशेखर यांच्या अल्पमतातल्या सरकारने ही परवानगी दिली होती. बातमी फुटली, बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने आवाज उठवला, आणि फेब्रुवारीत ते इंधन बंद झाले. परवानगी देताना संसदेला विचारले गेले नाही आणि ती मागे घेतानाही मतदान झाले नाही. सहारच्या धावपट्टीवर जे घडले, ते एका परक्या युद्धातले आपले पाऊल होते. ते लहान होते, तरी पाऊलच होते.

या उपनगरांना आणखी एक जुना धागा आहे. उत्तर मुंबईतून १९५७ आणि १९६२ साली निवडून आलेले व्ही. के. कृष्ण मेनन हे गोवामुक्तीच्या वेळचे संरक्षणमंत्री. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ला सैन्य गोव्यात शिरले, आणि दोनच महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक होती. गोवा ही आपल्या लेखी परभूमी नव्हतीच. तरी कारवाईची वेळ मेनन यांच्या निवडणुकीसाठी साधली, असा आरोप देशात आणि परदेशांतल्या वर्तमानपत्रांत झाला. समोर आचार्य कृपलानींसारखा उमेदवार असूनही मेनन सुमारे दीड लाख मतांनी जिंकले. त्याच वर्षी चीनपुढे सैन्य मागे हटले आणि त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. मानखुर्द-शिवाजीनगर आज ज्या ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघात आहे, तिथून १९६७ साली मेनन अपक्ष उभे राहिले, तेव्हा स. गो. बर्वे यांनी त्यांना हरवले. बर्वे काही आठवड्यांतच वारले, आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला. नवी कोरी शिवसेना तेव्हा मेनन यांच्या विरोधात उतरली होती, त्यामुळे त्या निकालात परप्रांतीयाचा मुद्दाही होता. पण संरक्षणाच्या निर्णयांचा जो हिशेब सभागृहात मागितला गेला नाही, तो घाटकोपर-मुलुंडच्या मतपेट्यांत मागितला गेला, असे मी म्हणेन.

या विषयाकडे पाहताना नवा वाचक बहुधा एकच प्रश्न धरून येतो: युद्धाचा निर्णय कोणी घ्यावा? तो पुरेसा नाही. सभागृहाला सैन्य निघण्याआधी विचारायचे की निघाल्यावर, सदस्याला आपल्या बुद्धीने मत देता येते की पक्षादेश पाळावा लागतो, आणि झालेले मतदान सरकारला बांधते की नुसती इच्छा कळवते, हेही तितकेच निर्णायक प्रश्न आहेत. यातला आधी की नंतर हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. फौज एकदा परमुलखात उतरली की सभागृहात विरोधी मत देणारा माणूस आपल्याच जवानांच्या विरोधात उभा असल्यासारखा दिसतो. म्हणून सरकारांना नंतरचे मतदान परवडते.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा इतिहास इंग्लंड-अमेरिकेपासून सुरू करायची गरज नाही. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराविषयीच्या १८५८च्या ब्रिटिश कायद्याच्या ५५व्या कलमात लिहिले होते की, परचक्र परतवणे किंवा तातडीची निकड सोडली, तर हिंदुस्थानच्या सीमांबाहेरील लष्करी मोहिमेचा खर्च ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीविना हिंदुस्थानच्या तिजोरीतून करता येणार नाही. संमती मागायची होती ती लंडनमध्ये, आणि पैसा जाणार होता आपला. १८६७ साली अॅबिसिनियाच्या स्वारीसाठी मुंबईहून जहाजे निघाली. मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर मोहिमेचे प्रमुख होते. पार्लमेंटने त्या फौजेच्या नेहमीच्या पगाराचा बोजा हिंदुस्थानवर ठेवला. त्याच सुमारास दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये या खर्चावर निबंध वाचून त्यातला अन्याय मांडला. तीस वर्षांनी, १८९७ मध्ये, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोपाळ कृष्ण गोखले गेले, तेव्हा लष्करी खर्च हा त्यांच्या साक्षीतला मोठा भाग होता. ज्या शेतकऱ्याच्या सारावसुलीतून मोहिमा चालतात त्याला त्या मोहिमांबद्दल कोणी विचारलेले नाही, ही या दोघांच्याही तक्रारीमागची भूमिका होती.

सातारा जिल्ह्यात आपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला आपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने तिथे शिळा बसवली. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातल्या कुत येथे जी फौज शरण गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीत महिनोन्‌महिने वेढा सोसून मग कैदेत गेलेल्या त्या माणसांच्या वतीने बोलणारा निवडून आलेला एकही प्रतिनिधी त्या निर्णयात सामील नव्हता.

१९१९च्या सुधारणांनंतर मध्यवर्ती विधिमंडळ आले, पण लष्करी खर्च मतदानाबाहेर ठेवला गेला. मार्च १९२१ मध्ये शिवस्वामी अय्यर यांनी त्या सभागृहात ठराव आणला, की हिंदी सैन्याचे काम देशाचे रक्षण आणि आतली शांतता राखणे एवढेच असावे. पुढे, आपल्या संमतीशिवाय सैन्य परदेशी धाडू नये असे मत सभागृहाने नोंदवले. १९३९च्या उन्हाळ्यात, महायुद्ध सुरू होण्याआधीच, इजिप्त आणि सिंगापूरकडे हिंदी सैन्य रवाना झाले. ऑगस्टमध्ये वर्ध्याला बसलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने याचा निषेध केला आणि मध्यवर्ती विधानसभेतल्या आपल्या सदस्यांना पुढच्या अधिवेशनाला न जाण्यास सांगितले. ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर करून टाकले.

मग घडली ती गोष्ट या संग्रहाच्या केंद्रस्थानी आहे. ऑक्टोबर १९३९च्या अखेरीस मुंबई विधानसभेत मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी ठराव मांडला, की हिंदी जनतेच्या संमतीवाचून ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानला युद्धात ओढले याचा सभागृहाला खेद आहे. परराष्ट्रातल्या युद्धावर मराठी मुलखातल्या लोकप्रतिनिधींनी समोरासमोर बोलून आपले मत नोंदवले, असा हा ठळक प्रसंग. प्रांताच्या हाती सैन्य नव्हते, तिजोरीची किल्लीही नव्हती, तरी चर्चा वरवरची झाली नाही. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून डॉ. आंबेडकर बोलायला उठले आणि त्यांनी ठरावाच्या मुळाशी हात घातला. देशाच्या संमतीची भाषा करताना त्या देशात अस्पृश्यांची जागा कोणती, त्यांच्या वतीने कोणी होकार-नकार द्यावा, हा त्यांचा सवाल होता, असा अर्थ मी त्या भाषणातून घेतो. काँग्रेसला तो रुचला नाही. पण संमती म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न इतक्या थेटपणे विचारलेला मला फारसा कुठे आढळलेला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पलटणीत प्रवेश हा त्या समाजाला हक्क वाटत होता आणि त्यासाठी आंबेडकरांनी आग्रह धरला होता. सैन्यात जाण्याचा हक्क आणि सैन्य कुठे जावे हे ठरवण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला मिळाला. दुसरा अजून आपल्या कोणाच्याच हाती आलेला नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनेत युद्ध आणि शांतता हा विषय संघसूचीत पंधराव्या क्रमांकावर आहे. अनुच्छेद ५३ प्रमाणे सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने नियमित व्हायचा आहे. युद्ध किंवा परचक्रामुळे आणीबाणी जाहीर केली तर तिला संसदेची मंजुरी लागते. मात्र सैन्य सीमेपलीकडे पाठवण्याला पूर्वसंमती हवी, असा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. कोरियात १९५० साली गेलेले वैद्यकीय पथक, १९५६ नंतरचे गाझातले सैनिक, काँगोत ५ डिसेंबर १९६१ला प्राणार्पण करून परमवीर चक्र मिळवणारे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया, नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये उतरलेले छत्रीधारी जवान, हे सारे मंत्रिमंडळाच्या निर्णयाने गेले. यातल्या बहुतेक मोहिमा योग्यच होत्या असे माझे मत आहे. पण निर्णय योग्य ठरला म्हणून तो घेण्याची रीतही योग्य ठरत नाही.

श्रीलंकेने हे दाखवून दिले. शस्त्रे खाली ठेववून घ्यायला गेलेली शांतिसेना ऑक्टोबर १९८७ मध्ये त्याच तामीळ वाघांशी लढू लागली, ज्यांच्यासाठी करार झाला असे मानले जात होते. मोहिमेचा हेतू बदलला, तरी संसदेकडे नवी संमती मागितली गेली नाही, कारण जुनीही मागितलेली नव्हती. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महार पलटणीत होते. २५ नोव्हेंबर १९८७ला शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर छापा पडला. त्यांनी वळसा घालून हल्लेखोरांना मागून गाठले. समोरासमोरच्या झुंजीत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. त्याचीच रायफल हिसकावून त्यांनी त्याला टिपले, आणि अखेरपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. श्रीलंकेतल्या मोहिमेतले परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. पुढे १९८९ मध्ये श्रीलंकेच्याच राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, भारतीय सैन्याला निघून जायला सांगितले, आणि मार्च १९९० मध्ये परतलेल्या जवानांच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. ज्या मोहिमेला निघतानाच देशाची उघड संमती घेतलेली नव्हती, तिच्यातून परतणाऱ्यांना उघड सन्मानही मिळाला नाही. मला या दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडलेल्या दिसतात.

परदेशांतले अनुभव या पार्श्वभूमीवर वाचावेत. या क्षेत्रातला मूळ वाद १७९३चा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी तटस्थतेची घोषणा केली, तेव्हा हॅमिल्टन यांनी कार्यकारी सत्तेची बाजू घेतली आणि मॅडिसन यांनी कायदेमंडळाची. टोपणनावांनी झालेला तो वाद अजून मिटलेला नाही. झटपट आणि गुप्तपणे वागायचे तर निर्णय एका हाती हवा, हे पहिल्या घराण्याचे म्हणणे. ज्याला युद्धातून वैभव मिळते त्याच्याच हाती युद्ध देऊ नये, हे दुसऱ्याचे. जर्मनीत तिसरी वाट निघाली: तिथल्या घटना न्यायालयाने १९९४ साली सशस्त्र दले बाहेर पाठवण्यास संसदेची मंजुरी आवश्यक ठरवली आणि २००५ मध्ये त्याचा कायदाही झाला. अलीकडचे राज्यशास्त्रज्ञ मात्र कायद्यापेक्षा मतदानाच्या राजकारणाकडे पाहतात. संकटात जनता सत्ताधाऱ्याभोवती गोळा होते, हे जॉन म्यूलर यांनी १९७० साली मांडले. विल्यम हॉवेल आणि जॉन पेव्हहाउस यांनी दाखवले की विरोधी पक्षाचे बळ सभागृहात जास्त असेल तर अमेरिकी राष्ट्राध्यक्ष मोठ्या मोहिमेला सहजी हात घालत नाहीत.

मतदान झाले म्हणजे शहाणपणाचाच निर्णय होतो असे मात्र नाही. १९६४ साली टॉन्किनच्या आखातावरचा ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य मतांनी आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला, आणि त्याच्या जोरावर व्हिएतनाम पेटत राहिले. २००१च्या सप्टेंबरात अशाच अधिकारपत्राविरुद्ध बार्बरा ली यांनी एकटीने मत दिले. इराकवरचे २००२चे मतदान निवडणुकीच्या तोंडावर घेतले गेले. ब्रिटनमध्ये १८ मार्च २००३ला इराक युद्ध ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाले, पण त्या रात्री सत्ताधारी मजूर पक्षाचे १३९ खासदार सरकारविरोधी दुरुस्तीच्या बाजूने गेले. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, सीरियावरचा ठराव १३ मतांनी पडला आणि पंतप्रधान कॅमेरन यांनी तो कौल मानला. २०१८ साली मात्र थेरेसा मे यांनी न विचारताच बाँबफेक केली. नुसता पायंडा असेल तर तो असा मोडता येतो.

सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती तुर्कस्तानची गोष्ट. १ मार्च २००३ला अमेरिकी फौजेला आपल्या भूमीवरून इराकमध्ये जाऊ द्यायचे की नाही, यावर अंकाराच्या संसदेत मतदान झाले. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. ठराव मंजूर झाला असेच आधी सगळ्यांना वाटले. मग कोणीतरी नियमाकडे बोट दाखवले, की हजर सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मते हवीत. हजर होते ५३३, म्हणजे लागत होती २६७. तीन मते कमी पडली. जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याची उत्तर आघाडी तीन मतांनी अडली, आणि सत्ताधारी पक्षाचे सदस्य फुटल्याखेरीज हे झाले नसते.

आपल्याकडे असे फुटता येईल का? १९८५च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराची जागाच धोक्यात येते. म्हणून ‘संसदेत मतदान घ्या’ एवढी मागणी अपुरी आहे. सैन्य परदेशी पाठवण्याच्या प्रश्नावर पक्षादेश लागू नसावा, हे तिला जोडूनच मागावे लागेल. नाहीतर पाचशे त्रेचाळीस सदस्यांचे मतदान चार-पाच पक्षश्रेष्ठींचेच राहील.

तरीही आपल्या संसदेचा शब्द कधीच चालला नाही असे नाही. ३१ मार्च १९७१ला पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव एकमताने झाला, आणि डिसेंबरमधल्या युद्धाच्या निर्णयाला तो आधार ठरला. ८ एप्रिल २००३ला, मनोहर जोशी अध्यक्षस्थानी असताना, लोकसभेने इराकवरील हल्ल्याचा निषेध करून परकी फौज मागे घेण्याची मागणी केली. शब्दांवरून बरीच घासाघीस झाली होती. त्यानंतर अमेरिकेने भारताकडे इराकसाठी जवळपास एक डिव्हिजन फौज मागितली. सरकारमध्ये अनुकूल सूरही होते. १४ जुलैला वाजपेयी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवण्यास नकार दिला. लोकसभेचा तो ठराव कायद्याने बांधणारा नव्हता. पण त्याने सरकारला नाही म्हणायला जागा दिली, आणि इराकमध्ये मराठा, महार, शीख, गुरखा जवानांचे काय झाले असते याचा विचार केला की त्या ठरावाची किंमत कळते.

आज हा विषय तातडीचा झाला आहे. २००८ पासून एडनच्या आखातात आपल्या युद्धनौका चाचेगिरीविरुद्ध गस्त घालतात, त्यासाठीचा कायदा मात्र २०२२ साली झाला. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणवर हल्ला केल्यावर सिनेटमध्ये अध्यक्षांना रोखणारा ठराव ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. पडला, पण कोण कुठे उभे होते ते नोंदले गेले. त्याच वर्षी ऑपरेशन सिंदूरवर आपल्या संसदेत चर्चा झाली ती जुलैच्या अखेरीस, कारवाईनंतर अडीच महिन्यांनी. तिच्या शेवटी मतदान नव्हते. भारताचे सामर्थ्य वाढते आहे, समुद्रापार त्याचे हितसंबंध पसरत आहेत, तसे पुढच्या काळात असे निर्णय वाढत जाणार.

या संग्रहात विधिमंडळातली जुनी भाषणे आहेत, घटनेच्या कलमांवरची चर्चा आहे आणि जवानांच्या घरच्यांशी केलेल्या बोलण्याच्या नोंदी आहेत. लेखकांचे एकमत नाही. पूर्वसंमतीचा कायदा हवा असे काहींना वाटते. नुसता सक्तीचा अहवाल आणि ठरावीक मुदतीत चर्चा पुरे, असे दुसरे म्हणतात. एका लेखकाला तर सध्याचीच रीत बरी वाटते, आणि त्याचा युक्तिवाद संपादकांनी काटछाट न करता छापला आहे. मी स्वतः कायद्याच्या बाजूचा आहे: तातडीच्या बचावाला सूट, बाकी प्रत्येक मोहिमेला मुदतबंद संमती, आणि हेतू बदलला की नवे मतदान.

वाचकाला एवढीच विनंती. पुढच्या लोकसभा निवडणुकीत उमेदवार मानखुर्दच्या गल्लीत येईल, तेव्हा पाणी आणि घराबद्दल जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा, की आमची मुले परमुलखात लढायला पाठवायची वेळ आली तर तुम्ही मतदान मागाल का, आणि आपले मत आम्हाला नावानिशी कळवाल का.